आपला भैरू

लग्नात घेतलेला एक उखाणा सोडला, तर धुरपदाबाईनं बारा वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आणि पुढं काढलं ते कुत्र्याला जेवायला बोलवायला.

तामलवाडीच्या शिवारात, सोलापूर-तुळजापूर सडकेपासून हाकेच्या अंतरावर विरुपाक्षप्पांचा मळा होता. मळ्यातच त्यांचं दगडी घर, आणि घराच्या मागच्या अंगाला, कडब्याच्या गंजीपलीकडं, सालगड्याचं खोपट. त्या खोपटात धुरपदाबाई आणि तिचा नवरा राहायचे. नवऱ्याचं नाव भैरू. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्यापर्यंत अप्पांच्या शेतात राबायचं आणि तो पाडवा आला की पुन्हा नवं साल. अशी आठ सालं झाली होती. पोरबाळ नव्हतं. धुरपदाबाईचा भाऊ रामकिसन बार्शीला गिरणीत होता. तो दरवर्षी म्हणायचा, "दाजी, या की. राखणदाराची जागा बघतो, खोली बघतो." आणि भैरू दरवर्षी म्हणायचा, "बघू पुढच्या पाडव्याला."

अप्पांना कुत्र्यांचा नाद होता. त्यांचा आधीचा काळा कुत्रा परसातल्या दगडांच्या ढिगापाशी घोणस चावून मेला. दीड दिवस त्याच्या नाकातोंडातून रक्त गळत होतं, आणि तो दीड दिवस अप्पांनी अन्नाला हात लावला नाही. त्याच चैत्रात ते सोनारीच्या जत्रेला गेले आणि येताना काळभैरवाच्या देवळाबाहेरचं एक तांबडं पिल्लू धोतराच्या ओच्यात घालून घेऊन आले. भैरवाच्या दारातलं पिल्लू म्हणजे नाव शोधायचं कामच नव्हतं.

"अहो, पण आपल्या गड्याचं नाव भैरू हाय," वनमालाबाई म्हणाल्या. त्या अप्पांच्या मंडळी. सगळे त्यांना अक्का म्हणत.

"मग बिघडलं काय? एका हाकेत दोघं येतील."

ओसरीवर बसलेली चार माणसं खो खो हसली. खाली उभा असलेला भैरूही हसला. धुरपदाबाई दळणाची पाटी डोक्यावर घेऊन दारात होती, ती तेवढी हसली नाही.

मग घोटाळा नको म्हणून घरात रीत पडली. कुत्रं तो 'आपला भैरू' आणि माणूस तो 'गडी भैरू'.

कुत्र्याला भाकरी घालायचं काम धुरपदाबाईकडं आलं. ती त्याला 'यू यू' करून बोलवायची, पण पिल्लाला अप्पांनी नावाचीच सवय लावलेली. नाव घेतल्याशिवाय ते जागचं हलायचं नाही. चार दिवस भाकरीला मुंग्या लागल्यावर अक्का वैतागल्या.

"नावानं हाक मार की गं त्याला."

"अक्का, कसं घेऊ?"

"अगं, कुत्र्याचं नाव घेतीस तू. देव काय कान लावून बसलाय व्हय?"

धुरपदाबाईनं पदर तोंडावर धरला आणि हळूच हाक मारली, "भैरू." पिल्लू शेपूट हलवत आलं. जवळच विहिरीवर मोट हाकणाऱ्या तिच्या नवऱ्यानं ते ऐकलं आणि तो तिथूनच ओरडला, "आगं, बारा वर्सं झाली, माझं नाव तुझ्या तोंडून ऐकायला कुत्र्याचा जल्म घ्यायला पायजे हुता म्हनं की!"

पुढं तिची जीभ सरावली. मात्र तिच्या तोंडी भैरू म्हणजे कुत्राच, हेही सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. नवऱ्याला ती पूर्वीसारखंच 'अवं' म्हणायची.

आधीच्या कुत्र्यासारखं या कुत्र्याचं होऊ नये म्हणून अप्पांनी उस्मानाबादेहून गुरांच्या डॉक्टरांना मळ्यावर आणलं. मोठा शहाणा माणूस. हातात छडी घेऊन त्यांनी सगळं परस पालथं घातलं. म्हणाले, साप कुत्र्यासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. आणि उंदीर दाण्यासाठी आणि आडोशासाठी येतो. आडोसा मोडा. हा दगडांचा ढीग उचला, ही कुजकी लाकडं उचला, जुना कडबा हलवा. भिंतीतली बिळं काचेचे तुकडे आणि चुना घालून बुजवा. कुत्र्याला जमिनीवर झोपवू नका, गुडघाभर उंचीचा ओटा बांधा, भोवती बारीक जाळी मारा. उष्टं-खरकटं रात्री बाहेर ठेवू नका. सगळं बरोबर होतं, एक अक्षर चूक नव्हतं.

हे सगळं केलं गडी भैरूनं. आठ दिवस तो पहाटेपासून पाठीवर दगड वाहत होता. दगड कुठं टाकायचे हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अप्पांनी हातानं दाखवलं, "टाक की तिकडं, तुमच्या खोपटामागं. तुमालाच कुंपन व्हईल."

तर अप्पांच्या परसातला आडोसा उठला आणि जसाच्या तसा खोपटामागं जाऊन बसला. उंदरांना तेवढं कळतंच. ज्येष्ठापर्यंत खोपटातल्या ज्वारीच्या कणगीला खालून भोक पडलं. श्रावणात धुरपदाबाईला चुलीमागं हातभर लांब कात सापडली, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिनं ती नवऱ्यापुढं धरली.

"अवं, ह्ये बघा. अप्पास्नी सांगा, दगडं उचलतो म्हनावं हितनं."

"उचलून नेऊ कुठं? अप्पांच्या डोक्यावर?"

"मग आपुनच जाऊ की उठून. रामकिसन म्हनतुया न्हवं."

भैरूनं कात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "बरं. ह्यो पाडवा शेवटचा. साल पुरं करू आन बार्शीला जाऊ. मला बी आता त्या कुत्र्याला हाक मारली की उठायचा कट्टाळा आलाय."

धुरपदाबाईनं त्या दिवसापासून महिने मोजायला सुरुवात केली. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन. सात.

भाद्रपदातच, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, सकाळी न्याहारीच्या वेळेला भैरू खोपटामागच्या ढिगातून जळणाचं लाकूड ओढायला गेला. लाकडाखाली नाग होता. उजव्या हाताच्या करंगळीखाली दोन ठिपके उठले. भैरू ओरडला नाही, घरात आला आणि हात पुढं करून म्हणाला, "पान लागलं."

त्या भागात साप चावला असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की तो परत येतो म्हणतात. पान लागलं म्हणायचं.

धुरपदाबाईनं पदराची कड फाडून दंडाला बांधली आणि गावाकडं हाळी दिली. माणसं धावली. पान लागलेल्याला मारुतीच्या देवळात नेऊन बसवायचं, ही तिथली रीत. भैरूला तिथं नेलं. महारुद्र गुरवानं कडुलिंबाचा पाला त्याच्या तोंडात घातला.

"कसा लागतुया?"

"कडू."

"मंग इख न्हाय चढलं अजून. चावत ऱ्हा."

धुरपदाबाई म्हणाली, "तुळजापूरला दवाखान्यात सुई मिळतीया म्हनं. सडकंवर मोटार येईल आत्ता. घाला त्यास्नी मोटारीत."

"शीव वलांडली की इख डोक्यात जातं, बाई," महारुद्र म्हणाला. "माझ्या आज्यापासनं बघतुया. मारुतीपुढनं उठवलेला एक बी वाचला न्हाय."

ती पाया पडली, भांडली, पण कुणी भैरूला उचलायला तयार होईना. एकटीनं तो उचलणार नव्हता. लांबून मोटारीचा आवाज आला, तशी ती सडकेकडं पळत सुटली आणि दोन्ही हात पसरून मधोमध उभी राहिली.

अप्पा त्या दिवशी कचेरीच्या कामाला तुळजापूरला गेलेले होते. मोटारीचा कंडक्टर त्यांना ओळखत होता.

"अप्पास्नी सांगा," ती खिडकीला धरून म्हणाली, "पान लागलंय म्हनावं. सुईवाल्या डाक्टरला घिऊन या म्हनावं, बिगी बिगी."

"कुणाला पान लागलंय?"

ती थबकली. 'घरच्यास्नी' म्हटलं तर याला काय कळणार? कुणाचं घर, कोण? निरोप अर्धामुर्धा पोचला तर अप्पा उठायचे नाहीत. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं.

"भैरूला. भैरूला पान लागलंय म्हनावं. धुरपदानं सांगितलंय म्हनावं."

मोटार गेली. ती परत देवळात आली तेव्हा भैरूच्या पापण्या खाली यायला लागल्या होत्या. तो त्या कपाळाला आठ्या घालून वर उचलू पाहायचा, पण त्या पुन्हा मिटायच्या. बोलताना जीभ जड यायची. महारुद्रानं पुन्हा पाला घातला आणि विचारलं, तर तोंडातून नुसतीच लाळ गळाली. कडू की गोड, ते कळायला मार्ग नव्हता. बाया तिच्याकडं बघायच्या आणि नजर फिरवायच्या.

तासाभरात नव्हे, पण दोन तासांच्या आत सडकेवर धुरळा उठला. कंत्राटदाराची जीप होती, पुढं अप्पा, शेजारी मांडीवर पेटी घेतलेले तुळजापूरचे डॉक्टर. धुरपदाबाईला वाटलं, आपण आजवर या माणसाबद्दल मनात जे जे आणलं ते सगळं परत घ्यावं. कचेरीचं काम टाकून, जीप मागून, डॉक्टर बरोबर घेऊन मालक गड्यासाठी आला. असं तिच्या माहितीत कधी कुठं घडलं नव्हतं. ती हात जोडून पायरीवर उभी राहिली.

जीप देवळापुढून गेली आणि थांबली नाही.

"खोपटाकडं बघाया गेलं असतील," महारुद्र म्हणाला.

ती जीपमागं पळाली. मळा दोन शेतं टाकून होता. पोचली तेव्हा अप्पा परसात गुडघ्यावर बसलेले होते, आणि जाळीतून सोडलेलं तांबडं कुत्रं त्यांचं तोंड चाटत होतं. अप्पा त्याचे पाय, कान, पोट चाचपून बघत होते. त्यांचे डोळे ओले होते.

"आरं लबाडा, तू तर धडधाकट हायेस!" मग धुरपदाबाई दिसली तसे ते उठले. "काय गं, असला निरोप देतात व्हय? माझा जीव अर्धा झाला. काय लागलंय ह्याला?"

"ह्याला न्हाय, अप्पा." तिला धाप लागली होती. "आमच्या... घरच्यास्नी. देवळात हायेत."

 अप्पांना समजायला थोडा वेळ लागला.

"गडी भैरू? आन तू नाव घेऊन सांगितलंस? तू त्याचं नाव घेत न्हाईस म्हनून तर मी..." कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बरं. चल."

डॉक्टर जीपमध्येच बसून होते. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. देवळात येताच त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. "वारा येऊ द्या. बायको कोण याची? तू थांब." भैरू भिंतीला टेकून पडला होता, डोळे पूर्ण मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. श्वास चालू होता, पण उथळ. डॉक्टरांनी पेटीतून दोन कुप्या काढल्या. आत पांढरी भुकटी होती. सुईनं त्यात पाणी सोडून ते कुपी तळहातांत फिरवत बसले. हलवायची नसते, फेस होतो. नुसती फिरवायची असते, आणि भुकटी विरघळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात अप्पा दारातून आत आले.

"डॉक्टर, घोटाळाच झाला बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी समजलो आपल्या भैरूला. माझ्या कुत्र्याला. म्हनून तर धावतपळत तुमाला घिऊन आलो, आन हितं बघतो तर ह्यो."

डॉक्टरांचे हात थांबले. "तुम्ही मला कुत्र्यासाठी आणलं होतं?"

"तसं न्हवं हो. निरोपच तसा आला." अप्पा भैरूकडं बघत म्हणाले, "आता आलोच हाय तर द्या ह्याला. एकीनं भागंल न्हाय का? एक ऱ्हाऊ द्या. ह्या दिवसांत लांबडी लई निघतात परसात."

"दोन्ही लागतील," डॉक्टर म्हणाले. "आणि ही लस माणसांची आहे. कुत्र्याला मी देतच नसतो."

अप्पा बाहेर गेले. धुरपदाबाई नवऱ्याचा हात सरळ धरून बसली होती. शीर सापडेपर्यंत दोनदा टोचावं लागलं. ती सुईकडं बघत नव्हती, दारातून दिसणाऱ्या अप्पांच्या पाठीकडं बघत होती. बाहेर महारुद्र चार माणसांना सांगत होता, "आधी खोपटाकडं गेलं, तितं न्हाय म्हनल्यावर हिकडं. गड्यासाठी जीपगाडी! असा मालक पंचक्रोशीत दावा."

अप्पांनी ते ऐकलं. नाही म्हणाले नाहीत.

दिवस मावळायच्या आत भैरूच्या पापण्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली. करंगळीचं पेर काळं पडून झडलं, तेवढंच. महिनाभरात तो मोटेवर गेला आणि जो भेटेल त्याला सांगू लागला: "अप्पा तुळजापूरला हुतं. निरोप ऐकला आन हातातला पेन तसाच टाकून उठलं. जीप मागितली. डाक्टरला म्हनलं, काय वाट्टंल ते करा, पर माझ्या भैरूला वाचवा." दर वेळेला त्यात एखादं वाक्य वाढायचं. बाजारात सांगायचा, देवळात सांगायचा, तुळजापूरला दसऱ्याला गेला तिथंही ओळखी काढून सांगितलं. अप्पांच्या ओसरीवर पाहुणा आला की अप्पाच त्याला बोलवायचे, "भैरू, सांग बरं, कसं झालं ते." आणि भैरू सांगायचा.

धुरपदाबाई ऐकून घ्यायची. खोटं आहे म्हणावं तर नवऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा. एवढा ताठ मानेनं चालताना तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. एकच गोष्ट ती धरून होती: फाल्गुन सरला की बार्शी. तिथं नवा गाव, नवी माणसं. सांगू दे तिथं काय सांगायचं ते.

फाल्गुनात रामकिसन आला. राखणदाराची जागा ठरली होती, खोलीला कुलूप लावून किल्ली त्यानं बरोबरच आणली होती.

भैरूनं किल्ली हातात घेतली नाही. "रामकिसन, आता न्हाय जमायचं. ज्यानं मरनाच्या दारातनं वढून आनलं, त्याचं घर सोडू व्हय? म्या अप्पास्नी सबूद दिलाय. ह्ये साल न्हाय, जल्मभर."

रामकिसन दुपारच्या मोटारीनं परत गेला. त्याला सडकेपर्यंत सोडून धुरपदाबाई आली, तेव्हा भैरू खोपटापुढं दोर वळत बसलेला होता. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"एक सांगायचं हाय. राग मानू नगासा."

"सांग."

"अप्पा त्या दिशी तुमच्यासाठी आलं नव्हतं. म्या नाव घेतलं, त्यास्नी वाटलं कुत्र्याला पान लागलं. म्हनून जीप, म्हनून डाक्टर. आदी मळ्यात जाऊन कुत्र्याला कवटाळून बसलं हुतं. म्या सोताच्या डोळ्यांनी बघितलं."

भैरूचे हात दोरावर चालूच होते.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कुनी सांगितलं?"

"कोन सांगंल? म्या ऐकलं. डोळं मिटलं हुतं, जीभ हलत नव्हती, बोट उचलत नव्हतं. कानाला कुटं काय झालं हुतं? 'आता आलोच हाय तर द्या ह्याला.' आन एक कुपी ठिवून द्या म्हनलं, त्ये बी ऐकलं."

धुरपदाबाईच्या डोक्यावरून पदर खाली आला, तो तिनं सावरला नाही.

"आन तरी... तरी गावभर सांगत सुटलासा? माझ्या भैरूला वाचवा म्हनून?"

"मग काय सांगायचं हुतं?" त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "कुत्र्याच्या वाटनीची सुई मला टोचली म्हनून सांगू? त्येच लोक उद्या मला यू यू करून हाक मारतील. आसं सांगितलं तर चार मानसं बसा म्हनतात, तंबाखू फुडं करत्यात."

"मंग बार्शीला चला की. तितं कोन वळखतंय आपल्याला?"

"आता कसं जाऊ? सगळ्यास्नी म्याच सांगून ठिवलंय, अप्पानं जीव वाचिवला म्हनून. आन पाडव्याला गठुडं बांधून निघालो तर म्हनतील, बेइमान निघाला भैरू. कुत्रं बी खाल्ल्या भाकरीला जागतं म्हनतील."

त्यानं दोराचा पीळ आवळला, टोकाला गाठ मारली आणि नवा पेड घेतला.

"तू कुनाला बोलू नगंस," तो म्हणाला. "महारुद्राच्या बायकूला तर अजिबात न्हाय."

पाडव्याला अप्पांनी भैरूला नवं धोतर दिलं आणि साल धरलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर महारुद्राची बायको भेटलीच.

"का गं धुरपदा, भाऊ येऊन गेला म्हनं. बार्शीला जानार हुता न्हवं तुमी? मंग?"

धुरपदाबाईनं घागर बुडवली. भरली तशी वर ओढून घेतली.

"आसा देवावानी मालक सोडून कोन जातं, बाई," ती म्हणाली, आणि घागर कमरेवर घेऊन खोपटाकडं चालू लागली.